दैत्याचं तोंड

देव चांगला अन् दैत्य वाईट, असं कोणी मायासमोर म्हटलं की मले मळमळते. तुमी सोंगं पाह्यता, टाळ्या वाजवता अन् घरी जाऊन झोपता. देवाच्या मुखवट्याखाली कोण होतं अन् दैत्याच्या काजळाखाली कोण, हे कोणी पुसते काय? म्या दोघाईचीबी तोंडं जवळून पाह्यली. एक तर मायाच घरातलं होतं. आणखी एक तिसरं तोंड हाये, त्याची गोष्ट शेवटी येईन. मले त्याचीच जास्त किळस येते.

मी कलाबाई. माहेर वडनेर भोलजीचं, सासर संग्रामपूरच्या वरतं, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमचं बागाईत होतं. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, अन् विहिरीवर मोट. नवऱ्याचं नाव दयाराम. तवा मी नाव घेत नव्हती, आता घेते. ज्या माणसाले साऱ्या गावानं चोर म्हटलं, त्याचं नाव त्याच्या बायकोनं तरी धडपणे घ्यावं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. गावात नवी पंचायत होणार होती, नवी शाळा होणार होती, अन् ज्याले त्याले काही ना काही व्हायचं होतं. एक दयाराम सोडून. त्याईले कायबी व्हायचं नव्हतं. ते वर्षातून एक दिवस दैत्य व्हायचे, तेवढं त्याईले पुरे होतं.

आमच्या गावी नरसिंह जयंतीले सोंग निघते. वैशाखातलं ऊन, डोकं फुटते अशी तलखी. सकाळी हिरण्यकश्यपूच्या तोंडाले काजळ अन् जवसाच्या तेलाचा लेप देतात, कपाळावर हिंगूळ ओढतात, अन् गळ्यात झोळी अडकवतात. दुपारपासून त्यानं दारोदार फिरायचं. ह्याले आमी फेरी म्हणतो. दैत्य दारात आला की घरच्या माणसानं उंबऱ्यात उभं राहून वर्षभराची सारी घाण त्याच्या अंगावर ओतायची. कोणी म्हणते, "दैत्या, माया सासूची जीभ घेऊन जाय." कोणी आयमायवरून शिव्या देते. कोणी म्हणते, तूच मायी बकरी मारली, तूच माया शेताचा धुरा कोरला. मंग चिमूटभर चुलीची राख झोळीत टाकायची. दैत्यानं बोलायचं नाही. मानसुद्धा हलवायची नाही. त्यानं नाही म्हटलं तर घाण घरातच राह्यली, असं समजतात.

सूर्य बुडता बुडता देवळापुढं बांबू-कागदाचा खांब फुटते, आतून नरसिंह निघते, अन् दैत्याले उंबऱ्यावर मांडीवर घेऊन मारते. पण खरी गोष्ट त्याच्या पुढं हाये. मारल्यावर देव आपल्या हातानं दैत्याचं तोंड धुते. काऊन? तर तो दैत्य मुळात देवाच्याच दारचा पहारेकरी, शाप लागून खाली आलेला. दुसऱ्या कोणी तोंड धुवायचं नाही. धुतल्याबिगर दैत्यानं बोलायचं नाही, घराचा उंबरा चढायचा नाही. अन् धुतल्यावर तो पहिला जो बोल बोलते तो देवळात खरा धरतात. दरवर्षी तो एकच बोल असे, "मोकळा झालो." मंग झोळीतली राख नाल्यात.

दयाराम पंधरा वर्षं दैत्य झाले. उकंडरावबुवा सोळा वर्षं देव. बुवा दिवसभर पाण्याचा घोट न घेता त्या खांबात बसत. ते एकदा मायापुढंच म्हणाले, "कलाबाई, देव व्हाले मुखवटा पुरते. दैत्य व्हाले पोट लागते. एवढं सारं पोटात घेऊन रात्री शांत झोपणारा ह्या गावात तुया नवराच हाये."

मले ते ऐकून बरं वाटाले पाह्यजे होतं. नाही वाटलं. मले राग आला. माया माणसानं दारोदार शिव्या खायच्या, अन् फेरीत शेवटचं दार आमचं, तिथं म्याबी खायले घालायच्या! मले वाटे, ह्या माणसानं एक दिवस तरी ताठ मानेनं खुर्चीत बसावं अन् गावानं खाली बसावं. खरं सांगू का? खुर्ची त्याईले नव्हती पाह्यजे. मलेच सरपंचीण व्हायचं होतं. मीच मागं लागून लागून त्याईचा निवडणुकीचा अर्ज भरवला.

दुसरा अर्ज माणिकरावचा. साठ एकराचा धनी. धोतर इतकं पांढरं की वाटे ह्याचा पाय मातीले लागतच नसन. हा माणूस देवळात फक्त प्रसादाच्या वक्ताले दिसे, अन् प्रसादबी असा घे की जशी आपलीच पाटीलकी हाये. त्या वर्षी उकंडरावबुवाचे गुडघे गेले. माणिकरावनं देवळाले नवीकोरी गॅसबत्ती देल्ली अन् म्हटलं, औंदा देव मी होतो. लोकाईनं हो म्हटलं. गॅसबत्तीचा उजेड पाहून लोकाईचे डोळे दिपले, बाप्पा! मतदान जयंतीनंतर दहा दिवसांवर होतं. देव होऊन गावापुढं उभं राह्यलं की मतं मागाची गरज नाही, एवढं त्या लबाडाले बरोबर समजत होतं.

आता बल्ल्याची गोष्ट. शाळेच्या भिंती लोकाईनं श्रमदानानं उभ्या केल्या होत्या. छपरासाठी जंगलखात्यानं सागाच्या बावीस बल्ल्या, म्हणजे लांब वासे, देल्ल्या, प्रत्येकीच्या बुडाले हातोड्यानं मारलेला खात्याचा शिक्का. देवळामागं रचून ठेवल्या होत्या. एका सकाळी जागा साफ. कोणी म्हटलं जंगलातले चोर, कोणी म्हटलं बाहेरगावचे.

जयंतीच्या आठ दिवस आधी मी माणिकरावच्या घरी वांगी घेऊन गेली. त्याची बायको वच्छलाबाई, तिच्याकडं जेवणावळ होती. मी मागच्या दारानं गेली, अन् पाह्यते तर बैलाचा नवा कोठा. वर सागाच्या बल्ल्या. एक मजूर शिडीवर चढून बल्ल्याच्या बुडाले चिखल थापून राह्यला होता. अर्ध्याले थापून झालं होतं, अर्ध्यावर शिक्के उघडे. म्या डोळ्यानं मोजल्या. बावीस. थू! पोट्ट्याईच्या डोक्यावरचं छप्पर काढून बैलाच्या डोक्यावर टाकलं, अन् तो आठ दिवसानं देव होणार!

घरी येऊन सांगितलं. दयाराम जेवत होते, हात धुऊन उठले.

"पारावर जाऊन सांगतो."

"बसा," म्या म्हटलं. "आज सांगान तर मतदानापर्यंत लोक विसरून जातीन. तो दहा सबबी सांगीन. मतदानाच्या आदल्या दिवशी सांगा. मंग पाहा त्याची कशी फजिती होते."

"शाळा पोट्ट्याईची हाये, मतदानाची नाही."

"बल्ल्या काय पळून जाऊन राह्यल्या? अठरा दिवसाचा तर सवाल हाये. मायी आण हाये तुमाले, गावात बोलान तर."

ते बसले. मायी आण कधी मोडली नाही त्याईनं. पण दुसऱ्या दिवशी सरळ माणिकरावच्या घरी गेले अन् एकट्याले म्हणाले, "जयंतीच्या आत जिथून उचलल्या तिथं ठेवून दे. मी कोणाले बोलत नाही."

मले हे संध्याकाळी समजलं, तवा मी कपाळावर हात मारला. "बैताड हा तुमी! चोराले घरी जाऊन सांगता की तुले आमी पाह्यलं म्हणून?"

"त्याले सुधराले एक मौका देल्ला," ते म्हणाले. "देव होऊन राह्यला ना तो. मनातून तरी काही वाटीन."

काही वाटलं नाही त्याले. ज्याले मोठं व्हायचीच हाव सुटली, त्याले वाटाची जागाच उरत नाही. हे मी दुसऱ्यावरून नाही सांगत.

जयंतीले दुपारी फेरी निघाली. मी दारात राख घेऊन बसली होती. आमचं घर शेवटचं, पण वरच्या आळीचा आवाज तिथपर्यंत येई. पहिलं दार माणिकरावचं असे, मोठ्याचा मान म्हणून. तो स्वतः देवळात खांबात जाऊन बसला होता. दारात वच्छलाबाई. ती काय बोलली ते मले नंतर दहा जणींनी सांगितलं. ती खाली मान घालून, पाठ केल्यासारखी म्हणाली, "दैत्या, शाळेच्या बल्ल्या तू चोरल्या. त्या पोट्ट्याईले परत दे."

दयारामनं मान वर केली म्हणतात. एवढंच. मंग झोळी पुढं केली. दैत्य बोलत नाही.

पुढच्या दारी तेच. त्याच्या पुढच्या दारी त्याहून मोठ्यानं. अन् पाहा माणसाची जात! दरवर्षी तिथं कोणी बकरी म्हणे, कोणी धुरा म्हणे, साऱ्याईले माहीत असे की हे फेरीचं बोलणं हाये. पण बल्ल्या खरंच गेल्या होत्या. अन् समोरचा माणूस गप होता. चार घरं झाली तोवर लोक म्हणून राह्यले, "पाहा, नाही म्हणत नाही." आठ घरं झाली तोवर, "नाही कसा म्हणन? बायको तर म्हणे त्याले सरपंच करते, मंग पैसा नको लागाले?" अरे, तो पंधरा वर्षं नाही म्हणला नव्हता! तुमची बकरी मारली तवाबी नाही म्हणला नव्हता! जिच्या बाळंतपणात त्याईनं भर पावसात बंडी जुंपली होती, ती सत्यभामाबाई दारात उभी राहून थुंकली. झोळीत राख टाकाच्या ऐवजी तोंडावर टाकली. तेलावर राख चिकटली.

हे सारं घरोघर चढत चढत मायाकडं येत होतं. मले ऐकू येऊन राह्यलं होतं. अन् मंग ते मायाच दारात उभे राह्यले. काळं तोंड, त्यावर राखेचे डाग, अन् मधात दोन डोळे. मागं अर्धं गाव.

आता तुमी नीट ऐका. फेरीत दारातल्या माणसाले काहीबी बोलता येते. त्याले कोणी अडवत नाही. मी नुसतं म्हटलं असतं, "दैत्या, माणिकरावच्या कोठ्यावर कोणाच्या बल्ल्या हायेत रे?" तर तिथल्या तिथं निकाल लागला असता. वाक्य माया तोंडात होतं. दयाराम मायाकडं पाहून राह्यले होते. ते थांबले होते. ते तेच ऐकासाठी थांबले होते, हे मले समजत होतं.

अन् मायाच मनानं म्हटलं, दहा दिवस. फक्त दहा दिवस हायेत. आता जेवढे जास्त बदनाम होतीन, तेवढा त्या दिवशी लोकाईले पस्तावा होईन. पस्तावलेला माणूस डोळे मिटून मत देते.

म्या म्हटलं, "दैत्या, घेऊन जाय सारी घाण." अन् राख टाकली.

त्याईनं झोळीची कडा सावरली अन् गेले.

देवळापुढं खांब फुटला, नरसिंह निघाला, गॅसबत्ती भकभक करून राह्यली. माणिकरावनं दयारामले मांडीवर घेतलं अन् वाघनखं पोटावर फिरवली. लोक असे ओरडले की मले वाटलं खरंच आतडं निघते काय. मंग बुवानं पाण्याचा लोटा पुढं केला. माणिकरावनं मुखवटा वर सरकवला, लोट्याकडं पाह्यलं अन् म्हणाला, "चोराचं तोंड मी धूत नाही. आधी कबूल कर म्हणा."

"धुतल्याबिगर तो बोलन कसा?" उकंडरावबुवा म्हणाले.

"मंग राहू द्या तसाच."

अन् टाळ्या पडल्या. देवळात! देवानं तोंड धुवाले नकार देल्ला अन् माणसाईनं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मले आजबी ऐकू येतात अन् तोंडात आंबट पाणी येते. घडीभरात सारे प्रसाद घेऊन पांगले. दयाराम उंबऱ्यावर बसून होते. मी जवळ गेली, पदरानं तोंड पुसाले हात पुढं केला, तर त्याईनं हात धरला. देवानंच धुवायचं. रीत म्हणजे रीत. ते उठले अन् वावराकडं गेले.

नऊ दिवस! नऊ दिवस माया नवरा ते तोंड घेऊन फिरला. घराचा उंबरा चढला नाही, वावरातल्या खोपीत झोपला. मोट हाकली, वांगी तोडली, अन् एक शब्द बोलला नाही. संग्रामपूरच्या बाजारात टोपली मांडून बसले तर ही गर्दी. लोक वांगी नाही, तोंड पाहाले येत. गिऱ्हाईकानं भाव पुसला की बोटं दाखवत. जवसाचं तेल वाळलं की कातडीले धरून बसते. वैशाखाच्या घामानं ते तडकलं, खाली कातडी सोलली, पाणी सुटलं, माशा बसाले लागल्या. मी भाकर घेऊन जाई तवा वाऱ्याच्या उलट्या बाजूनं बसे. हो, मायाच नवऱ्याचा मले वास येई. असं तोंड चोराचं असते काय? चोर तर घरी आंघोळ करून, पांढरं धोतर नेसून मतं मागत होता.

तिसऱ्या दिवशी उकंडरावबुवा काठी टेकत टेकत वावरात आले. हातात लोटा.

"दयाराम," ते म्हणाले, "मी सोळा वर्षं देव होतो. ह्या वर्षी नसलो म्हणून काय झालं? मी धुतो. रीत मोडली तर पाप मले लागू दे."

दयारामनं बुवाकडं पाह्यलं अन् तोंड पुढं केलं. लहान लेकरू आईपुढं करते तसं, डोळे मिटून.

अन् मी मधात पडली. "नाही, बुवा! ज्यानं नाकारलं त्यानंच धुवावं. आमी काय चोर हावो, लपूनछपून धुवाले?"

किती ताठ बोलली मी! बुवाच्या डोळ्यात पाणी आलं. त्याईले वाटलं, काय मानी बाई हाये. दयारामनं डोळे उघडले अन् मायाकडं पाह्यलं. त्याईले नाही वाटलं. पंधरा वर्षं दारोदार माणसाईच्या पोटातलं ऐकलेला माणूस तो. माया पोटात काय हाये हे त्याले ओळखू येणार नाही काय? पण दैत्य बोलत नाही. बुवा लोटा तसाच घेऊन परत गेले.

पोटात काय होतं, तेबी सांगते. सत्यभामाबाई आदल्या संध्याकाळी मायाजवळ येऊन रडली होती. म्हणे, "बाई वं, म्या राख टाकली, आता झोप येत नाही." म्या तिले जवळ घेतलं अन् मनात तिच्या घरची मतं मोजली. पाच. रोज मोजत होती मी. जसं तोंड सडून राह्यलं होतं, तशी मतं वाढत होती. नवऱ्याचं तोंड धुतलं असतं तर मतं थांबली असती. म्हणून म्या धुऊ देल्लं नाही.

करा थू. मीबी करते.

आठव्या दिवशी कोणाचा तरी बैल मेला. दोन लेकरं तापली. लोक घाबरले. म्हणाले, साऱ्या गावची घाण झोळीत घेऊन दैत्य अजून जित्ता फिरून राह्यला, राख नाल्यात गेली नाही, हे तर होणारच. सारे माणिकरावच्या दारी गेले. तो हुशार. त्याले वारं समजलं. म्हणाला, "गावासाठी मी चोराचं तोंडबी धुवाले तयार हावो." मतदानाच्या आदल्या दिवशी, देवळापुढं, साऱ्या गावासमोर. मी खूश झाली. मायीबी तीच तारीख होती!

दयारामले बोलावलं. ते उंबऱ्यावर येऊन बसले, झोळी गळ्यात. माणिकरावनं आधी भाषण केलं, क्षमा कशी मोठी असते म्हणून. मंग गोडेतेल अन् बेसन घेऊन धुवाले बसला. दोन बोटांच्या टोकानं, तोंड फिरवून, नाक आक्रसून. लेप निघाला तशी सालटीबी निघाली. खालून लालभडक माणूस निघाला. बाया हुंदके देऊन राह्यल्या. मी सगळ्यात पुढं होती, म्हणून मले ऐकू आलं. माणिकराव ओठ न हलवता म्हणाला, "उपसरपंच तुले करतो. नुसतं मोकळा म्हण अन् घरी जाय."

अन् तवा त्याले आठवलं असन, की धुतल्यावरचा पहिला बोल देवळात खरा धरतात. लोटा त्याच्या हातात तसाच थांबला. एक गाल धुवायचा राह्यला होता. तो काही धुवेना.

"धुवा पुरतं," उकंडरावबुवा म्हणाले.

धुतलं त्यानं.

मी मनात म्हणून राह्यली होती, सांगा, आता सांगा, माणिकरावच्या कोठ्यावर, बावीस बल्ल्या. मायी आण सुटली आज. सांगा!

दयारामनं ओठ उघडले. नऊ दिवस न बोललेला आवाज, कोरड्या विहिरीत बादली घासावी तसा. ते म्हणाले, "बल्ल्या कुठी हायेत, ते मायी बायको मायाच्या आधीपासून जाणते. मी नाही सांगत. तिनं सांगावं."

सारी तोंडं मायाकडं फिरली.

म्या सांगितलं. माणिकरावच्या कोठ्यावर, चिखलाखाली शिक्के. सांगताना आवाज चढवला, बोट दाखवलं, जसं ठरवलं होतं अगदी तसं. माणिकराव ओरडला, खोटं हाये म्हणून. जवान माणसं कोठ्याकडं पळाली. पण उकंडरावबुवा जागचे हालले नाहीत. ते मायाकडं पाहून राह्यले होते.

"कवापासून माहीत होतं, कलाबाई?"

देवळाच्या उंबऱ्यावर खोटं कसं बोलू? "जयंतीच्या आठ दिवस आधीपासून."

"मंग फेरीत दारात काऊन नाही बोलली? दारात तर कोणालेबी बोलता येते."

म्या कोठ्याकडं पळणाऱ्या माणसाईकडं पाह्यलं.

"अन् म्या लोटा आणला होता, तवा?"

सत्यभामाबाई मायाजवळ उभी होती, मायाच खांद्यावर हात ठेवून. तिनं हात काढला. हळूच काढला, जसा आपण घाणीवर चुकून पडलेला हात काढतो.

कोठ्यावरचा चिखल खरडला, शिक्के निघाले. माणिकरावले दुसऱ्या दिवशी घरची मतं तेवढी मिळाली, तीबी सारी नाही. वच्छलाबाईनं सांगितलं म्हणतात, की मी देल्लं नाही. दयाराम निवडून आले, लोकाईनं त्याईलेच सरपंच केलं. त्याच बल्ल्या शाळेवर चढल्या. मले हार घातला, सरपंचीणबाई म्हणाले लागले. जे पाह्यजे होतं ते सारं मिळालं. दयारामच्या गालावर पांढरे चट्टे पडले, ते कधी गेले नाहीत. पण एक शब्दानं ते मले कधी बोलले नाहीत. बोलले असते, हाणलं असतं, तर बरं झालं असतं. ते पहिल्यासारखेच जेवायचे, पहिल्यासारखेच म्हणायचे, "ठेचा बरा झाला."

पुढच्या वैशाखात लोक म्हणाले, सरपंचानं देव व्हावं. ते हसले. काजळ अन् तेल घेऊन बसले, त्याच चट्ट्यांवर लेप चढवला. देव उकंडरावबुवाच झाले, दोघाईनं धरून खांबात बसवलं त्याईले. फेरी निघाली. माणिकरावच्या दारीबी ते थांबले, तिथं कोणी बाहेर आलं नाही, तरी झोळी पुढं करून थोडा वेळ उभे राह्यले.

मंग मायं दार. मागं अर्धं गाव. काळं तोंड, मधात दोन डोळे, अन् झोळी पुढं. आता दारात मले काहीबी बोलता येत होतं.

म्या म्हटलं, "दैत्या, ह्या घरची बाई नवऱ्याचं तोंड सडवून मतं मोजत होती. तिची घाण घेऊन जाय."

मागं कोणी हसलं नाही. म्या राख टाकली. माया हातातून जास्तच पडली, मूठभर. त्याईनं झोळी तशीच धरून ठेवली, पूर्ण पडेपर्यंत. मंग गाठ मारली अन् पुढं गेले. "हो" म्हटलं नाही, "नाही"बी म्हटलं नाही. दैत्य बोलत नाही.

संध्याकाळी बुवानं आपल्या हातानं तोंड धुतलं. दयाराम म्हणाले, "मोकळा झालो." राख नाल्यात गेली. लोक प्रसाद खात खात घरी गेले.

मीबी घरी आली अन् न्हानीत बसून तोंड धुतलं. मंग आणखी एकदा धुतलं.